नारळ उभा राहतो तो हातामुळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की बोअरच्या गाडीआधी शेतात पाणाडी, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, येतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता उभा राहतो आणि तिथेच फुली पडते. कुणी याला भूगर्भातल्या पाण्याची ओढ म्हणते, कुणी पाणाड्याची मनःशक्ती. असे फोटो कौतुकाने छापून येतात, म्हणून हे पत्र.

तो नारळ जवळून पाहा. तळहातावर तो जेमतेम तोललेला असतो. बोटे किंचित मुडपली तरी कलंडून उभा राहतो. पाणाडी मुद्दाम फसवतो असे मी म्हणत नाही. मनात जागा ठरली की हात नकळत हलतो, हलवणाऱ्यालाही ते कळत नाही. 1853 साली इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी हेच दाखवले. तेव्हा इंग्लंडमध्ये टेबलावर हात ठेवून ते 'आपोआप' फिरवण्याचे वेड होते. फॅरेडे यांनी हाताखाली पुठ्ठ्यांची चळत ठेवली, मध्ये मऊ चिकट गोळ्या. वरचे पुठ्ठे टेबलापेक्षा जास्त सरकलेले आढळले, म्हणजे ढकलत होते ते हातच. पुढे हाताचा दाब दाखवणारा काटा समोर ठेवला, तर टेबल फिरेचना! बसलेली माणसे प्रामाणिक होती, हे विशेष.

जर्मनीत कासेल येथे 1990 साली सुमारे तीस पाणाड्यांची चाचणी झाली. जमिनीखालच्या नळातून पाणी वाहते की नाही, एवढेच ओळखायचे. अटी त्यांना आधीच मान्य होत्या. निकाल नाणेफेकीपेक्षा सरस लागला नाही.

मग आपल्याकडे पाणी लागते कसे? राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. मुरूम, मांजऱ्या खडक आणि भेगा यांत थोडेफार पाणी बऱ्याच ठिकाणी असते. शिवाय मुरलेला पाणाडी ओढा, उतार, उंबराचे झाड बघूनच चालतो. ती नजर खरी, तिचा मान राखावा. पण खाली काळा पाषाण एकसंध असेल तर शेकडो फूट नुसता फुफाटा उडतो, आणि कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते. लागलेल्या बोअरची चर्चा चावडीवर वर्षानुवर्षे चालते, कोरड्या गेलेल्याबद्दल कुणी बोलत नाही.

जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, मोजूनही पाण्याची हमी मिळत नाही, पण खडकाचा अंदाज तरी येतो. 1972 पासून राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. यंदा नारळाचा फोटो छापाल तेव्हा शेजारी तिच्या जिल्हा कार्यालयाचा पत्ता आणि सर्वेक्षणासाठी अर्ज कसा करायचा हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक