एका रात्रीत तीन उत्तरं

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. भाषा चांगली आहे, पण ट्रॉयच्या युद्धावरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातल्या अकिलीसला तू 'अहंकारी' म्हणून निकालात काढलंस ते मला पटलं नाही. फोनवर तू 'बरं बरं' करून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले.

भांडण पेटतं कशावरून ते बघ. ग्रीकांच्या छावणीत साथ पसरली आहे, चिता विझत नाहीत. दहाव्या दिवशी सभा बोलावतो तो अकिलीस. सरसेनापती अ‍ॅगमेम्नॉनला ते सुचलेलं नसतं. अपोलो देवाच्या पुजाऱ्याची धरून आणलेली मुलगी परत केली तरच साथ हटणार, असं ठरतं. अ‍ॅगमेम्नॉन ती देतो, पण भरपाई म्हणून लुटीत अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस उचलून नेतो. ज्याने सगळ्यांच्या जिवाची काळजी केली, त्यालाच भर सभेत नागवलं. अकिलीसची तलवार म्यानातून निघू लागते. राजाला इथेच कापावा की राग गिळावा, अशी छातीत ओढाताण चाललेली असताना अथेना देवी मागून त्याचे केस धरते. ती फक्त त्याला दिसते. आणि तो तलवार परत म्यानात घालतो. निव्वळ अहंकारी माणूस इतक्या वेळात दोन मुडदे पाडून मोकळा झाला असता.

तुला कर्ण आठवला असेल, मलाही आठवतो. पण कर्ण दुर्योधनाच्या उपकारांनी बांधलेला होता. अकिलीसच्या डोक्यावर असलं कुणाचं ऋण नाही. तो पहिल्याच सर्गात सुनावतो की ट्रॉयच्या लोकांनी माझी गुरंघोडी नेली नव्हती की माझ्या शेताची नासाडी केली नव्हती, मी आलो तो तुमच्याकरता. मग एवढा अपमान झाल्यावर तो तिथे थांबतो कशाला? जहाजं त्याची, माणसं त्याची. निबंधात तू हा प्रश्न विचारलाच नाहीस.

त्याकरता नववा सर्ग सावकाश वाच. ग्रीकांची पिछेहाट झाली आहे आणि रात्री तिघंजण त्याची मनधरणी करायला येतात: ओडिसियस, त्याला लहानाचा मोठा करणारा म्हातारा फिनिक्स आणि एजॅक्स. ते पोचतात तेव्हा अकिलीस वीणेसारखं एक वाद्य वाजवत वीरांच्या कीर्तीची गाणी म्हणत असतो. ते वाद्यही लुटीतलं, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या सासऱ्याचं शहर उद्ध्वस्त करून आणलेलं. पुढच्या घटकाभरात हाच माणूस कीर्तीवर थुंकणार आहे, हे लक्षात ठेव.

ओडिसियस अ‍ॅगमेम्नॉनच्या भेटींची यादी वाचतो. सात तिवया, सोन्याची दहा वजनं, वीस कढया, बारा शर्यतीचे घोडे, ब्रिसेइस, वर एक राजकन्या आणि सात शहरं. यादी तो चोख सांगतो, फक्त राजाचं शेवटचं वाक्य गाळतो: 'मी मोठा राजा आहे, त्याने मला नमावं.' अकिलीसला ते वाक्य कुणी सांगितलेलं नाही, तरी त्याचं पहिलंच बोलणं असं की पोटात एक आणि ओठात एक ठेवणारा माणूस मला नरकाच्या दारासारखा वाटतो. मग तो जे बोलतो तसं त्या काव्यात दुसरं कुणी बोलत नाही. लढणारा आणि घरी बसणारा, दोघांना वाटा सारखाच. मी बारा शहरं जहाजांनी आणि अकरा जमिनीवरून जिंकली, लूट मात्र मागे बसलेल्याने वाटली. गुरं लुटून आणता येतात, घोडे मिळवता येतात, पण एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत आणता येत नाही. त्याच्या आईने, समुद्रदेवता थेटिसने, त्याला सांगून ठेवलेलं असतं: इथे राहिलास तर लवकर मरशील पण नाव अमर होईल, घरी गेलास तर नाव जाईल आणि म्हातारा होशील. 'उद्या सकाळी निघतो,' हे त्याचं ओडिसियसला उत्तर.

फिनिक्स रडतो, तुला मांडीवर बसवून घास भरवलेत म्हणतो. त्याला उत्तर मिळतं, 'जायचं की राहायचं ते सकाळी ठरवू.' एजॅक्स सगळ्यात कमी बोलतो. लोक पोटच्या पोराच्या खुन्याकडूनही दंड घेऊन गप्प बसतात, आणि तू एका मुलीसाठी अडून बसलास? त्यावर अकिलीस म्हणतो, तुझं सगळं मला पटतं. पण त्याने मला कुणा उपऱ्यासारखं वागवलं ते आठवलं की छाती रागाने फुगून येते. आणि मग तिसरं उत्तर: हेक्टर आग घेऊन माझ्या जहाजांपर्यंत आला तर लढेन.

एका रात्रीत तीन उत्तरं, आणि एकही खोटं नाही. ओडिसियस परत जाऊन फक्त पहिलं सांगतो, तुझ्या निबंधातही तेवढंच आलंय. कीर्तीच्या या खेळात राम नाही हे अकिलीसला कळून चुकलं आहे, पण दुसरा कुठला खेळ त्याला येतच नाही. जहाजं पाण्यात ढकलली जात नाहीत ती एवढ्यासाठी, असं मला वाटतं.

याची किंमत त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस देतो. अकिलीसने आईकरवी देवांचा राजा झ्यूस याला साकडं घातलेलं असतं की माझ्याच बाजूचे लोक मरोत, म्हणजे माझी आठवण येईल. झ्यूस ते पुरवतो. स्वतः लढायला न उतरता लाज राखायची म्हणून अकिलीस मित्राला आपलं चिलखत देऊन पाठवतो आणि हेक्टर त्याला मारतो. थेटिस समुद्रातून वर येऊन विचारते, 'का रडतोस? मागितलंस ते झालं ना?' तो म्हणतो, झालं, पण मला त्याचं काय! हेक्टरला मारलंस की पाठोपाठ तुझं मरण आहे, असं ती बजावते. 'मग आत्ताच मरू दे, मित्राच्या उपयोगी पडलो नाही.' मधासारखा गोड लागणारा राग जगातून नाहीसा होवो, असंही त्याच दमात म्हणतो, आणि लगेच त्याच रागाच्या मागे धावतो. थेटिस त्याला अडवत नाही, नवं चिलखत करून आणते. आई म्हणून मला तिचं हे वागणं कधी समजलंय, कधी नाही.

ब्रिसेइसचं तू नावही घेतलं नाहीस. नवव्या सर्गात तो म्हणतो, ती भाल्याने जिंकलेली असली तरी मनापासून आवडती. एकोणिसाव्यात म्हणतो, ती धरून आणली त्याच दिवशी मेली असती तर बरं झालं असतं. तिचा नवरा त्यानेच मारलेला. पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून ती जे रडते ते जरूर वाच. तिथे अकिलीसची बाजू घेणं मला जमत नाही.

शेवटचा सर्ग तर तू वाचला नसावास, नाहीतर 'सूडाने शांत झाला' असं लिहिलं नसतंस. हेक्टरचं प्रेत रथामागे फरफटवूनही त्याला झोप लागत नाही. हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, रात्री येतो, मुलाला मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो आणि 'तुझ्या बापाला आठव' म्हणतो. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. इथे सगळे थांबतात, पण तू पुढे जा. प्रायम प्रेतासाठी घाई करतो तसा अकिलीस भडकतो आणि बजावतो की मला डिवचू नकोस, माझ्या हातून काही होईल. प्रेत धुऊन गुंडाळायला सांगतो तेही आडोशाला, म्हाताऱ्याच्या नजरेआड. कारण त्याने मुलाला पाहून आक्रोश केला तर आपला राग उसळेल आणि आपण त्याला मारू, ही भीती. राग गेलेला नाही. तो कधी उसळतो एवढं त्याला आता कळतं.

त्यानंतर तो प्रायमला जेवायला बसवतो. एकोणिसाव्या सर्गात सैन्यातले वडीलधारे विनवत असताना याने घास घेतला नव्हता. आता तोच सांगतो, बारा मुलं गेलेल्या नायोबीलासुद्धा जेवणाची आठवण झाली होती. मग स्वतः मेंढा कापतो, वाढतो, आणि हेक्टरच्या क्रियाकर्माला किती दिवस लागतील ते विचारतो. अकरा दिवस, प्रायम सांगतो, बाराव्या दिवशी लढायचंच असेल तर लढू. अकिलीस कबूल होतो.

निबंध द्यायला अजून वेळ आहे म्हणालास ना? मग निदान नववा आणि चोविसावा सर्ग परत वाच. टाचेत बाण लागल्याची गोष्ट मात्र काढून टाक, ती इलियडमध्ये नाही. अकिलीस त्यात मरतच नाही. नवीन खर्डा झाला की पाठव. एजॅक्सला दिलेल्या उत्तराबद्दल तू काय लिहितोस ते मला वाचायचं आहे.

तुझी,
आई