दिवाळीपूर्व आवराआवर व फराळ : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, वसुबारसेला आता जेमतेम तीन आठवडे उरले असून, ज्या घरांत पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात, त्यांनी सगळे घर एकाच रविवारी उपसण्याचा अट्टहास न धरता रोज अर्धा तास एकाच जागेला द्यावा. सुरुवात पोटमाळ्यापासून करावी, कारण वरची धूळ खाली येते आणि आधी पुसलेली फरशी पुन्हा पुसावी लागते. गेल्या वर्षीचा आकाशकंदील व विजेच्या माळा आताच लावून पाहाव्यात. ऐन धनत्रयोदशीला इलेक्ट्रिशियन मिळत नाही, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे.

जुने सेल, चार्जर आणि ट्यूबलाइट नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत. ट्यूबलाइटमध्ये पारा असल्याने ती फोडूही नये.

फराळापैकी चिवडा व शंकरपाळे टिकतात, म्हणून ते आधी करावेत. ओल्या नारळाच्या करंज्या लवकर खराब होत असल्याने आदल्या दिवसासाठी राखून ठेवाव्यात. तळलेला पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये, अन्यथा आत वाफ धरून चकली मऊ पडते. शंकरपाळे कातण्याचे काम मुलांकडे सोपवावे. (आकार वेडेवाकडे आले तरी चव बदलत नाही.)

आवराआवरीत बाहेर काढलेले सामान जिन्यात एक रात्रही ठेवू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच आहे.