किमोवरच्या रुग्णाने ताप लपवू नये, यासाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे (किमोसारखे उपचार घेऊन त्याच दिवशी घरी परतता येईल अशी) सुरू करण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केली. किमोसाठी मुंबईचे टाटा किंवा बार्शीचे कर्करोग रुग्णालय गाठणाऱ्या मराठवाड्यातील रुग्णांना तिचा मोठा आधार वाटतो. या केंद्रांत खाटा किती असाव्यात हे जाणकार ठरवतील. मला तापाविषयी लिहायचे आहे.

२०२०च्या आरंभी माझ्या पत्नीला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि शस्त्रक्रियेनंतर दर २१ दिवसांनी किमो सुरू झाला. टाळेबंदीत रेल्वे नाही, एसटी नाही. ई-पास काढून भाड्याच्या गाडीने सेलूहून तेव्हाच्या औरंगाबादला जायचे आणि जिल्ह्याच्या हद्दीवरील नाक्यावर पोलिसांसमोर फाईल उघडून धरायची. हे निभावले. निभावली नाही ती तिची धास्ती, आणि ती कर्करोगाची नव्हती. ताप आला की स्वॅब, पॉझिटिव्ह निघाला की कोविड वॉर्ड, तिथे सोबतीला कोणी नाही आणि इकडे लेकरांसह अख्ख्या गल्लीला बांबू ठोकलेले, हा हिशेब तिने मनाशी पक्का केला होता. दुसऱ्या किमोनंतरच्या दहाव्या दिवशी ती माठातले गार पाणी तोंडात धरून मगच थर्मामीटर जिभेखाली ठेवी आणि ‘अठ्ठ्याण्णव’ असे मला वाचून दाखवी. पुढच्या रात्री हुडहुडी भरली तेव्हा मी काखेत थर्मामीटर लावला, तर पारा १०२वर.

आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे स्वॅबचा अहवाल येईपर्यंत थांबण्यास सांगितले गेले. त्यांनाही जिवाची भीती होती, त्यामुळे त्यांना सर्वस्वी दोष देववत नाही. पण किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि त्या काळातील १००.४ अंशांवरील ताप ही तातडीची बाब असते. अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात शिरेतून सुरू व्हावे लागते आणि स्वॅबची तपासणी त्यासोबत होऊ शकते. हे आम्हाला किमो देणाऱ्या डॉक्टरांनी मध्यरात्री फोनवर सांगितले, आणि त्यांनीच त्या दवाखान्याशी बोलून इंजेक्शन सुरू करवले. अहवाल निगेटिव्ह आला. पेशी मात्र फारच घसरल्या होत्या.

भीतीने घरी थांबलेल्यांचे काय झाले असेल, याचा थोडा अंदाज आकड्यांवरून येतो. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. यात वाहतूक बंद असण्याचा वाटा होताच. पुढे लसीकरणातही १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयाच्या कर्करुग्णांना प्राधान्य मिळाले. माझी पत्नी तेव्हा ४२ वर्षांची होती, त्यामुळे आजार तोच असूनही १ मेपर्यंत ती पात्रच ठरली नाही. वयाची ही अट मला आजही उमगलेली नाही.

म्हणून नव्या केंद्रांकडून माझी अपेक्षा साधी आहे. किमो घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कार्ड द्यावे. त्यावर मराठीत ठळकपणे ‘ताप आल्यास स्वॅबच्या अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करावेत’ असे लिहिलेले असावे आणि ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयानेही मान्य करावे. साथीच्या काळात या रुग्णांसाठी वेगळे प्रवेशद्वार आणि बसण्याची वेगळी जागा असावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आता चोवीस तास उपलब्ध आहे, पण तो किमोच्या फाईलवर छापलेला मी पाहिलेला नाही. आणि आमच्यासारख्या घरांतून बाईमाणूस स्वतःहून ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. किमोच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रातील परिचारिकेनेच फोन करून ताप किती आहे आणि झोप लागते का, हे दोन्ही विचारावे. माझ्या पत्नीने मला जे सांगितले नाही, ते कदाचित तिला सांगितले असते.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)