हार्ट पेशंट मदत निधीसाठी आवाहन: यावेळी पैसे आधीच जमवून ठेवायचेत

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळातर्फे हे आवाहन करतोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. हृदयविकाराच्या पेशंटसाठी आपण एक कायमचा निधी उभा करतोय, अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि नंतरच्या गोळ्या या तिन्हीसाठी. आतापर्यंत आपण काय करायचो, कुणाला अटॅक आला की ग्रुपवर मेसेज टाकायचा, मग ज्याला जसं जमेल तसे पैसे यायचे आणि दोन दिवसात बऱ्यापैकी रक्कम उभी राहायची. सगळ्यांनी नेहमीच मोकळ्या हाताने दिलंय, त्यात वादच नाही. पण या आजारात दोन दिवस हातात नसतात हो.

मागच्या वेळचं सांगतो. आपल्या एका सभासदाच्या वडिलांना पहाटे छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, दरदरून घाम, डावा हात जड. घरच्यांना वाटलं पित्त झालं असेल, त्यात तासभर गेला. हॉस्पिटलमधे ईसीजी काढल्यावर डॉक्टर म्हणाले मोठा अटॅक आहे, लगेच कॅथ लॅबमधे, म्हणजे नळी घालून हृदयाच्या नसा तपासतात आणि उघडतात त्या खोलीत, घ्यायला हवं. आणि आपला हा मुलगा काउंटरसमोर उभा राहून एकेकाला फोन लावतोय, पहाटेची वेळ, निम्मे लोक झोपलेले, कुणाचं ऑनलाइन लिमिट संपलेलं. मी पोचलो तेव्हा त्याच्या फोनला चार टक्के बॅटरी होती आणि डिपॉझिटच्या चिठ्ठीच्या मागे त्याने पेनाने नावं लिहिलेली, कोण किती देणार, अर्ध्या नावांपुढे नुसती रेघ. वडील वाचले. पण हार्टचं पंपिंग कमी झालं ते झालंच, आता एक जिना चढले तरी दम लागतो. त्यातलं पित्त समजून बसण्यात किती गेलं आणि पैशापायी किती गेलं हे मी सांगू शकत नाही, पण काउंटरवरचा वेळ तरी आपण वाचवू शकलो असतो आणि ते मला अजून लागून राहिलंय.

कारण असं आहे की हृदयाला रक्त देणारी नस पूर्ण बंद झाली की पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून मोठ्या अटॅकमधे पेशंट हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत नस उघडायची असं डॉक्टरांचं टार्गेट असतं. नव्वद मिनिटात ईसीजी, तपासणी, टीम बोलावणं, कॅथ लॅब तयार करणं, सगळं आलं. त्यात वर्गणी गोळा करायला जागा कुठे आहे?

दुसरी गोष्ट भीतीची. हृदयात वायर घालणार म्हटल्यावर घरचे लोक सही करायला कचरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तर नीट समजून घ्या, हे छाती फाडून करायचं ऑपरेशन नाही. बहुतेक वेळा मनगटाच्या नसेतून, कधी जांघेतून, साधारण दोन मिलिमीटर जाडीची लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात, जागा तेवढी बधिर करतात, पेशंट जागा असतो, बोलत असतो. नळीतून डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडला की एक्स-रेच्या पडद्यावर नसा दिसतात आणि कुठे अडलंय ते कळतं, ही झाली अँजिओग्राफी. मग त्याच वाटेने केसासारखी बारीक वायर ब्लॉकेजच्या पार नेऊन तिच्यावरून फुगा सरकवून फुगवतात आणि जाळीचा स्टेंट बसवतात, ती अँजिओप्लास्टी. नंतर मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि हवा हळूहळू कमी करत काढतात. धोका अजिबात नाही असं कुणी म्हणू नये, रक्तस्राव होऊ शकतो, डायने किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, त्यावरून किडनी कशी चालतेय ते कळतं, पण मोठ्या अटॅकमधे नस बंदच ठेवण्याचा धोका याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

आणि हे काही काल आलेलं तंत्र नाही. १९२९ मधे वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या नसेतून ६५ सेंटीमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. तेव्हा त्याला बोलणीच खावी लागली, नोबेल मिळालं १९५६ मधे. फुग्याने हृदयाची नस पहिल्यांदा उघडली ती १९७७ मधे झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी, आणि माणसाच्या हृदयात स्टेंट बसायला लागले १९८६ पासून.

पण एक स्पष्ट सांगतो, निधी आहे म्हणून प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट, असं होणार नाही. अटॅक नाही, चालताना थोडं दुखतं, गोळ्यांनी आटोक्यात राहतं अशा बऱ्याच पेशंटना औषधं पुरतात, अशा वेळी स्टेंटने दुखणं कमी होतं पण आयुष्य वाढतंच असं नाही. त्यामुळे घाई नसलेल्या केसमधे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा खर्चही आपण निधीतून देऊ. जन्मतः हृदयात छिद्र असलेली मुलं, झडप अरुंद झालेले पेशंट, यांचंही आता बऱ्याचदा नळीतूनच होतं, तेही यात धरलेत.

आता गोळ्या. यावर कुणी बोलत नाही म्हणून जास्त लिहितोय. स्टेंट बसला की लोकांना वाटतं सुटलो, पण अटॅकनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या साधारण वर्षभर रोज घ्याव्या लागतात, त्यातली एक बहुतेकांना पुढेही चालू राहते. मधेच बंद केल्या तर स्टेंटमधेच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. आपल्या ओळखीतल्या एक काकू महिन्याच्या शेवटी गोळ्या पुरवायला एक दिवसाआड घेत होत्या, डबीत मोजून ठेवलेल्या, आणि घरात कुणाला पत्ता नाही. मुलाला त्रास नको म्हणून. हे ऐकल्यावर मंडळाने ठरवलं की निधीचा एक हिस्सा फक्त गोळ्यांसाठी बाजूला राहील, त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. (घरात उरलेल्या गोळ्या मात्र कृपया आणून देऊ नका, त्या आपण कुणाला देऊ शकत नाही.)

पैसे जमत नसतील तर वेळ द्या. रात्री-अपरात्री गाडी काढतील अशी माणसं हवीत, अँब्युलन्सला उशीर होणार असेल तेव्हा, कारण दुखत असताना पेशंटने स्वतः गाडी चालवत जाणं बरोबर नाही. विमा आणि योजनेचे कागद ज्यांना कळतात असे दोघंतिघं हवेत, ते मंजूर होईपर्यंत डिपॉझिट आपण भरायचं आणि मंजुरी आली की ते पैसे निधीत परत यायचे, असं ठरलंय. पैसे पेशंटच्या हातात न देता थेट हॉस्पिटलला किंवा मेडिकलला जातील, तिघांच्या सह्या लागतील, हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल, पेशंटचं नाव मात्र लागणार नाही.

दरमहा थोडी रक्कम देणाऱ्यांची यादी आधी करतोय, एकदम मोठी दिली नाही तरी चालेल. नाव, रक्कम आणि रात्री फोन उचलणार का एवढं लिहून कार्यालयात द्या किंवा तिथल्या वहीत स्वतः टाका, वही टेबलावरच ठेवली आहे.