आई-बाबा, मी एक होडी घेतली आहे

लेस्टर, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई पहिल्या वाक्यालाच "अगं बाई!" म्हणते, मग बाबा फोन हातात घेऊन "पैसे आहेत ना?" विचारतात, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. म्हणून पत्र. बाबा, मोठ्याने वाचा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळलंत की आईला तुमच्या आवाजावरूनच कळतं.

मी एक होडी घेतली आहे. शिडाची, सेकंडहँड, एका माणसाने चालवायची. पैसे देऊन झाले, कागद माझ्या नावावर झाले, आणि आता ती क्लबच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवली आहे. तेव्हा "घेऊ नको" म्हणण्याची वेळ गेली. हे लिहितानाच मला तुमचे दोघांचे चेहरे दिसताहेत.

आई, पाणी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. 2021 च्या 22 जुलैला, चिपळूणच्या पुरात, तुम्ही माळ्यावर होतात आणि मी इथे बसून लागत नसलेला फोन लावत होते. त्यावर आपण कधी नीट बोललो नाही, आजही नको. एवढंच सांगते की हे पाणी तसलं नाही. रटलंड वॉटर म्हणून एक मोठा तलाव आहे, इंग्लंडमधल्या मोठ्यात मोठ्या मानवनिर्मित तलावांपैकी. 1970 च्या दशकात धरण बांधून केलेला. त्याला भरती-ओहोटी नाही, खाडी नाही, कुठे वाहून न्यायला समुद्र नाही. वारा पडला की होडी जागच्या जागी डुलत राहते आणि फार तर काठाला लागते. बाबा, तुम्हाला तो बघायला आवडेल. नेदर हॅम्बल्टन नावाचं लहानसं गाव त्यात गेलं, आणि नॉर्मंटनचं चर्च वाचवायचं म्हणून त्याचा खालचा भाग दगड-काँक्रीटने भरून टाकला. आता त्याचा वरचा भाग काठावर, जवळजवळ पाण्यातच उभा दिसतो. धरणात गाव जाणं म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको.

शर्यती असतात तेव्हा पाण्यावर सेफ्टी बोट फिरत असते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही. थंडीत पाणी चार-पाच अंशांवर येतं, म्हणून कडक हिवाळ्यात मी जाणारच नाही. एरवी अंगाला घट्ट बसणारा रबराचा सूट असतो. तो चढवताना मला दर वेळी आठवतं, आई मला घट्ट स्वेटरात कोंबायची आणि डोकं अडकलं की "श्वास धर" म्हणायची.

आता तुझा पुढचा प्रश्न: दोघांची का नाही घेतली? मागच्या दिवाळीपासून तू तो विषय काढत नाहीस आणि त्याबद्दल मी तुला मनातल्या मनात नमस्कार करते. पण या होडीचा त्याच्याशी संबंध जोडू नकोस. दोघांची होडी असली की दर रविवारी दुसरं माणूस शोधावं लागतं. त्याच्या मुलाचा वाढदिवस निघतो, त्याची पाठ धरते, आणि माझा रविवार फुकट जातो. एकट्याची असली की वारा बघायचा आणि निघायचं. पाण्यावर चाळीस होड्या असतात, काठावर ओरडणारी माणसं असतात, नंतर चहा असतो. एकटी मी फक्त होडीत असते.

आता बाबांसाठी हिशोब. (आई, इथे तू कणीक मळून ये.)

होड्यांच्या चार जाती डोळ्यांसमोर होत्या. टॉपर ही सगळ्यात साधी, जवळजवळ अतूट प्लास्टिकची, पण ती मुलांची. माझे गुडघे छातीला लागतात. सोलो जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखली. सभ्य, स्थिर, शिडात आडव्या पट्ट्या, आणि इथल्या क्लबांमधल्या वयस्कर मंडळींची लाडकी. एअरो ही नवी, 2014 ची. नुसती होडी फक्त तीस किलोची, उचलायला फूल. पण तिच्या सेकंडहँडच्या किमती ऐकून मी घरी येऊन पिठलं-भात खाल्ला. उरली लेझर. तिला आता इल्का म्हणतात, क्लबात सगळे अजून लेझरच म्हणतात. कॅनडाच्या ब्रूस कर्बींनी आखली, सव्वाचार मीटर लांब, एकोणसाठ किलो. डोलकाठीचे दोन तुकडे एकात एक बसतात, शीड त्यावर मोज्यासारखं चढतं, बाजूला ताणाच्या तारा नाहीत. पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटांत तयार. आणि मुख्य म्हणजे एकाच होडीवर तीन मापांची शिडं चालतात. मोठं सात चौरस मीटरचं माझ्या वजनाला झेपत नाही, वारा वाढला की मला घेऊनच जाईल. मधलं, पावणेसहाच्या आसपासचं, माझ्यासाठी. नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकला गेली ती याच मापाच्या शिडावर. मी तिच्यासारखी दिसत नाही, हे तुम्ही सांगायची गरज नाही.

आणि हे तुम्हाला नक्की आवडेल. क्लबात सगळ्या जातींच्या होड्या एकत्र पळतात, मग कोण जिंकलं ते कसं ठरवायचं? प्रत्येक जातीला एक आकडा असतो, पोर्ट्‌समथ यार्डस्टिक म्हणतात. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. माझ्या शिडाचा आकडा साडेअकराशेच्या आसपास, मोठ्या शिडाचा अकराशेच्या. समजा मी 60 मिनिटांत आले आणि मोठं शीडवाला माझ्याआधी, 58 मिनिटांत. भागून पाहा. माझे होतात 52 मिनिटं 10 सेकंद, त्याचे 52 मिनिटं 44. तो आधी पोचला आणि जिंकले मी! तुमच्या बँकेत असा हिशोब कोणी केला असता तर तुम्ही ऑडिट लावलं असतंत.

पैशांचं म्हणाल तर नवी लेझर सहा हजार पौंडांच्या वर जाते. माझी नऊशेला मिळाली, त्यात ढकलगाडी, ताडपत्री, एक जुनं शीड आणि एक जरा बरं शीड. विमा काढला आहे. क्लबची वर्गणी आणि होडी ठेवायचं भाडं मी वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढलं होतं. तुमच्या औषधांच्या, बाथरूमच्या कामाच्या पैशांना हात लावलेला नाही, लावणारही नाही. हे दोनदा लिहिते आहे असं वाटलं तर वाटू दे.

घेताना डोळे मिटून घेतली नाही. पहिली बघितली ती याहून स्वस्त होती, वरून चकाचक, कोणीतरी नुकतंच पॉलिश मारलेलं. पण आत पाय ठेवला तर तळ किंचित दबला. या होड्या फायबरच्या, वर-खाली थर आणि मध्ये फोम. थर सुटले की जागा मऊ पडते आणि ती दुरुस्त करणं म्हणजे नवं दुखणं. तेव्हापासून मी बाबा फणसावर मारतात तशा टिचक्या मारत फिरले. डोलकाठीच्या पुढचा भाग, बसायची कड, आतला तळ, सगळीकडे. आवाज टणक आला पाहिजे. मग डोलकाठी जिथे रोवतात त्या भोकात पाणी ओतायचं आणि थांबायचं. पातळी खाली गेली तर पाणी होडीच्या पोटात मुरतंय. डोलकाठीचा वरचा तुकडा सपाट जमिनीवर गरगर फिरवायचा, वाकलेला असला की लगेच लंगडतो. मागचं बूच काढून होडी तिरकी करायची आणि आत काही खळखळतंय का ते ऐकायचं. विकणारे काका शांतपणे बघत होते. मी भोकात पाणी ओतून बसले तेव्हा त्यांनी घरातून खुर्चीच आणून दिली.

ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. लेझरमध्ये वारा आला की पायांत पट्टा अडकवून सगळं अंग बाहेर झोकावं लागतं, मांड्या-गुडघ्यांची परीक्षा असते. त्यांनी मागच्या वर्षी गुडघा बदलून घेतला, चार महिने नीट व्यायाम केला, आणि आता लेझर विकून सोलो घेतली. बाबा, मी काय म्हणते ते तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आहात आणि अजून "पावसाळा जाऊ दे" वर आहात. गेले तीन पावसाळे गेले. नवरात्रानंतरची तारीख घ्या. मी त्या डॉक्टरांना मेल केला आहे, त्यांनी तुमचा एक्स-रे पाहिला आहे, आता फक्त तुम्ही जायचं. रागावू नका. तुम्ही जिना उतरताना कठड्याला धरून थांबता, हे मला व्हिडिओ कॉलवर दिसतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. या गणपतीला मी येत नाही. होडीमुळे नाही. सप्टेंबरात आमच्या ऑफिसमधली दोन माणसं सुट्टीवर आहेत, तिकीट दुप्पट आहे, आणि पाच दिवसांत येऊन-जाऊन तुमचं मीठ-मिरची सुद्धा नीट खाऊन होत नाही. हो, त्या महिन्यात क्लबची शर्यतींची मालिका आहे, हेही खरं आहे. पण ती नसती तरी मी डिसेंबरच धरला असता. डिसेंबरात तीन आठवडे येते. आई, तेव्हा मोदक करायचे नाहीत असं काही नाही ना? आरतीला फोन भिंतीला टेकवून ठेवा, मागच्या वेळेसारखा समईच्या मागे नको, मला फक्त ज्योत दिसत होती.

आई, तुला अभिलाष टॉमींचं ते प्रकरण आठवेल, 2018 चं, एकट्याने शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारायच्या शर्यतीत हिंदी महासागरात पाठ मोडलेली. ते भर महासागरात होते आणि मी काठावरून हाक ऐकू येईल इतक्या पाण्यात. आणि ते नंतर पुन्हा गेले आणि जगाची फेरी दुसऱ्या नंबरने पूर्ण केली. हेही लक्षात ठेव, नुसता पहिला भाग नको. बाबा, 2010 मध्ये दिलीप दोंदे एकट्याने जग फिरून मुंबईला परत आले तेव्हा त्याचं कात्रण पाकिटात घालून तुम्हीच पाठवलं होतंत. वर पेनाने लिहिलं होतं, "मराठी माणूस!" तेव्हा आता मला काही बोलू नका.

उलटली तर? उलटते. रोजची गोष्ट आहे. होडी पोकळ आणि बंद, बुडत नाही. होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून कड धरून ओढायचं, ती उठते, आपण आत चढायचं, आणि पुढे चालू लागली की आतलं पाणी तळातल्या झडपेतून आपोआप निघून जातं. धोपाव्याहून दाभोळला तरीतून जाताना बाबा माझ्या फ्रॉकची मागची गाठ मुठीत धरून बसायचे. मी हात पाण्यात घालायचे आणि ते मूठ जरा सैल करायचे, पण सोडायचे नाहीत. मला वाटतं मला पाण्याची भीती वाटत नाही ती त्यामुळे.

आता ऐका. आईची बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी. डबीवर मी वार चिकटवून आले आहे, तो बघा. माळ्यावर पाण्याचे दोन कॅन आणि बॅटरी कायमची ठेवा, पावसाळा संपला म्हणून खाली आणू नका. बाथरूममध्ये दांडा बसवायला माणूस येणार आहे, त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवू नका. आणि बाबा, नारळ काढायला स्वतः शिडीवर चढायचं नाही. मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगते आहे.

फोटो पाठवते. फोटोत मी जाड दिसते आहे, तो सूट आहे.

तुमची,
मनू

ता. क. मामीला मीच सांगेन. तिला तुम्ही नुसतं "मनूने बोट घेतली" म्हणालात तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चिपळुणात मी जहाज घेतलेलं असेल, आणि मग तिच्या भाच्याला नोकरीही मलाच लावावी लागेल.