कढीपत्त्याचे तेल पानाच्या आत असते

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील परसबागेवरच्या लेखात तुळस आणि कढीपत्ता या दोहोंचा वास 'पानाच्या पृष्ठभागावरील तेलामुळे' येतो, असे सरसकट म्हटले आहे. तुळशीपुरते ते खरे आहे. तिच्या पानावर ग्रंथियुक्त केस असतात आणि त्यांच्या टोकाकडील पेशींनी स्रवलेले तेल पातळ उपत्वचेखाली, म्हणजे पेशींवरच्या मेणचट आवरणाखाली, साठते, त्यामुळे नुसता हात लागला तरी वास सुटतो. कढीपत्ता मात्र चुरगळावा लागतो, कारण त्याचे तेल पानाच्या आतील गोलसर पोकळ्यांमध्ये असते.

कढीपत्ता, लिंबू, बेल आणि सताप ही सर्व रूटेसी, म्हणजे सताप कुलातील झाडे, आणि अशा पोकळ्या ही या कुलाची ठळक खूण. लिंबाचे पान उजेडासमोर धरले की जे अर्धपारदर्शक ठिपके दिसतात, त्या याच पोकळ्या. पानाचा आडवा छेद घेतल्यास त्या अपित्वचेच्या, म्हणजे पानाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराच्या, लगेच खाली आढळतात आणि त्यांना तेल स्रवणाऱ्या चपट्या पेशींचे अस्तर असते. तिरफळाच्या वंशातील अनेक जातींत तर हे ठिपके पानाच्या कडेवरील खाचांपाशी येतात. आंबा याच गणातला, म्हणजे अनेक कुलांच्या याच मोठ्या गटातला, पण कुल वेगळे. त्याच्या पानात सुट्या पोकळ्यांऐवजी शिरांच्या बरोबरीने जाणाऱ्या राळेच्या नलिका असतात.

या निमित्ताने पाठ्यपुस्तकांबद्दलही लिहावेसे वाटते. लिंबाच्या पोकळ्या आतील पेशी विरघळून तयार होतात, असे आम्ही शिकलो आणि पुढे तेच शिकवले. परंतु १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंबावरील संशोधनाने असे दाखवले, की पेशी एकमेकींपासून अलग होऊन ही पोकळी तयार होते आणि पेशी फुटल्याचे जे दृश्य दिसते, ते पाणीयुक्त द्रावणांत ऊती टिकवताना त्या फुगल्यामुळे उद्भवते. म्हणजे ज्याला आपण झाडाचे वैशिष्ट्य समजत आलो, तो निदान लिंबाच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचपट्टी तयार करण्याच्या रीतीचा दोष ठरतो. पदवीच्या प्रात्यक्षिकात जुन्या कायमस्वरूपी काचपट्ट्या दाखवताना शिक्षकांनी एवढे तरी सांगावे आणि पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत हा मुद्दा यावा. आपणही पुरवणीच्या पुढील अंकात लेखातील विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, रत्नागिरी