सकाळी सात ते अकरा: मधुरास पत्र

नाशिक,
४ मे २०२१

चि. मधुरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस की वाणसामान आणायला साडेदहाला बाहेर पडलीस, त्या मोठ्या वातानुकूलित दुकानात पाऊण तास रांगेत उभी राहिलीस आणि घरी आल्यावर करोनाच्या भीतीने दोन तास एकेक पुडा साबणाच्या पाण्याने धूत बसलीस. तुझ्या आईला ते ऐकून हायसे वाटले. मी तेव्हा काही बोललो नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तीस वर्षे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जे दिसते, ते तुला नीट लिहून कळवावे, म्हणून आज अकराला दुकानाचे शटर ओढल्यावर हे पत्र लिहायला घेतले आहे. पानांचे फोटो काढून आपल्या दुकानातला संतोष तुला पाठवील.

घरी पुडे धुताना जी काळजी घेतलीस, ती खरे म्हणजे दुकानातल्या त्या पाऊण तासात घ्यायला हवी होती. एवढे एकच मला सांगायचे आहे, पण ते पटावे म्हणून जरा मागे जावे लागेल.

गेल्या वर्षी २५ मार्चला टाळेबंदी लागली, त्याच सुमारास वर्तमानपत्रांत अमेरिकेतल्या एका प्रयोगाची बातमी आली होती, की हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत टिकतो. त्या दिवसापासून आपल्या घरात काय चालले होते ते तू पाहिलेच आहेस. तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, चहाची पाकिटे, सगळे न्हाणीघरातून निघून गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत असे. तुझ्या आईच्या बोटांच्या पेरांना साबणाने भेगा पडल्या होत्या आणि पीठ मळताना तिला झोंबत असे, तरी तिने एक दिवस खंड पडू दिला नाही. त्याच प्रयोगात असेही म्हटले होते की हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म तुषारांत हा विषाणू तीन तास तग धरून राहतो. त्या वाक्याकडे मात्र आम्ही कोणीच लक्ष दिले नाही.

सप्टेंबरात मी आजारी पडलो. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतल्या दोघीजणी दारावर आल्या, त्यांनी माझ्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचे यंत्र लावले आणि ९१ आकडा पाहून एकमेकींकडे बघितले, तो क्षण मी विसरणार नाही. नऊ दिवस मी रुग्णालयात काढले. मला आजार कोणाकडून आला हे सांगता येणार नाही आणि कोणावर बोट ठेवण्याची माझी इच्छाही नाही. पण आपल्या घरात न धुतलेला एकही पुडा आलेला नव्हता, हे मात्र मी खात्रीने सांगतो. त्या दिवसांत गिऱ्हाईक गल्ल्याशी येई, मोबाइलवर बायकोने पाठवलेली यादी उघडी आणि मला नीट ऐकू यावे म्हणून मास्क हनुवटीखाली ओढून 'तूरडाळ दोन किलो, साखर पाच' असे मोठ्याने वाचून दाखवी. मीही मास्क खाली करून 'साखर संपली आहे, उद्या येईल' असे उत्तर देई. आमच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा टांगलेला होता, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे दोघांनाही वाटे. दिवसातून शंभर वेळा हे घडत होते.

तू लहान असताना दुकानात लवंगी मिरचीचे पोते फोडले की पार मागच्या फळीजवळ बसून अभ्यास करणाऱ्या तुला ठसका लागायचा, आठवते का? पोत्याला तुझा हात लागलेला नसे, पोते तुझ्यापासून पंधरा हात लांब असे, तरी तुझ्या डोळ्यांत पाणी यायचे. मग मी बोळाकडचे मागचे दार उघडायचो आणि पाच मिनिटांत दुकान मोकळे व्हायचे. आजारी माणसाच्या श्वासातून आणि बोलण्यातून निघणारे सूक्ष्म कण बंद जागेत असेच पसरतात, फक्त ते डोळ्यांना झोंबत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या सहा शास्त्रज्ञांनी गेल्या महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा कारणे देऊन हेच मांडले, की हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही ५ एप्रिलला सांगितले आहे की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे.

म्हणून दुकान निवडताना आधी हवा बघ. चकचकीत, काचबंद, थंडगार दुकानात तीच ती हवा फिरत राहते आणि रांग आतल्या आत वळसे घेते, त्यापेक्षा रस्त्यावर तोंड असलेले, पायरीवरून माल देणारे साधे वाण्याचे दुकान आज शंभर पटींनी बरे. मी आपला धंदा म्हणून हे म्हणत नाही. आपल्या दुकानातला तो प्लास्टिकचा पडदा मी आजारातून उठल्यावर काढून टाकला, कारण त्याने वारा अडत होता. काटा आणि गल्ला पुढे ओट्यावर आणला, मागचे दार दिवसभर सताड उघडे ठेवतो आणि कोणालाही आत घेत नाही. भाजीसाठी उघड्यावरची मंडई किंवा हातगाडी चांगली, पण हातगाडीभोवती आठ-दहा जणांचे कोंडाळे झाले असेल तर जरा लांब थांब आणि ते पांगले की पुढे हो. गाडीवाला कुठे पळून जात नाही.

आता वेळेविषयी. २० एप्रिलच्या रात्रीपासून किराणा आणि भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी आहेत आणि दिवसभराचे गिऱ्हाईक या चार तासांत येते. सातला शटर वर करतो तेव्हा दारात पाच-सहा जण असतात. आठपर्यंत येणारी माणसे निवांत असतात. नऊनंतर दाटी होते आणि साडेदहा वाजले की जे लोक लोटतात, त्यांना आवरणे कोणाच्याही हातात राहत नाही. एकजण पुढच्याच्या खांद्यावरून पिशवी पुढे करतो, दुसरा ओरडून भाव विचारतो, प्रत्येकाला अकराच्या आत घरी जायचे असते. ओरडून बोलण्यात श्वास किती जोराने बाहेर पडतो ते तूच बघ. रात्री उशिरापर्यंत काम करून तुला सकाळी जाग येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ज्या दिवशी सामान आणायचे असेल त्या दिवशी सातला दुकानाशी उभी राहा. मार्चच्या अखेरीस आपल्या नाशकात बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती लावली होती आणि एका तासाच्या आत बाहेर पडले नाही तर ५०० रुपये दंड होता. त्यावर पुष्कळ टीका झाली, पण बाजारात किती वेळ घालवला याचा हिशेब ठेवायला हवा हे त्यामागचे तत्त्व मला पटले होते. तुला मी तासही देणार नाही. दहा मिनिटांत तुझे काम व्हायला हवे.

ते होईल कसे, तर यादीने. आदल्या दिवशी दुपारी दुकानदाराला यादी पाठव. दुकान बंद झाल्यावर आम्ही रिकामेच असतो, तेव्हा सामान काढून, तोलून, पिशवीवर नाव टाकून ठेवतो. यादीत नग आणि वजन स्पष्ट लिही आणि एखादा जिन्नस नसेल तर त्याऐवजी काय चालेल तेही लिही, म्हणजे दारात उभे राहून बोलावे लागत नाही. पैसे मोबाइलवरून दे. नोटेने रोग येईल म्हणून नव्हे, तर सुट्ट्या पैशांसाठी जी पाच मिनिटे जातात ती वाचतात म्हणून. घरपोच सेवेला रात्री आठपर्यंत परवानगी आहे, तीही वापरावी.

सामान घेऊन येणाऱ्या मुलाशी मात्र माणुसकीने वाग. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये संतोष सायकलवरून एका सोसायटीत सामान द्यायला गेला, तर फाटकाशी उभे करून त्याच्या अंगावर जंतुनाशकाची फवारणी केली. दोन दिवस त्याचे डोळे लाल होते. माणसांच्या अंगावर असे फवारे मारू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात जाहीर केले होते, पण त्या पोराला ते कोण सांगणार? तो दारात आला की तू मास्क लाव, त्याला पिशवी दाराबाहेर ठेवायला सांग आणि उन्हातून आलेला असतो, तर त्याच्यासाठी पाण्याची एक बाटली बाहेर ठेवत जा.

मास्कविषयी तुझ्याशी फोनवर वाद झाला होता, म्हणून पुन्हा लिहितो. तू चष्मा लावतेस. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वरून हवा निसटते आहे असे समज आणि नाकावरची तार दाबून बसव. एन-९५ असेल तर तो एकटाच, नीट बसलेला, पुरेसा आहे, पण पुढे झडप असलेला घेऊ नकोस, कारण त्यातून आपला श्वास तसाच बाहेर पडतो. तो नसेल तर आत शस्त्रक्रियेचा आणि वर कापडी, असे दोन लाव. आणि कोणी मास्क खाली करून तुझ्याशी बोलू लागला, तर भीड न बाळगता दोन पावले मागे सर. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण जागेवर उभे राहतो, ती सवय मीच तुला लावली आहे, ती आता मोड.

परत येताना लिफ्टमध्ये कोणी असेल तर तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढ. लिफ्ट म्हणजे सगळ्यांत लहान बंद खोली. घरात आल्यावर पिशवी खाली ठेव, साबणाने वीस सेकंद हात धू, एवढे पुरे. सॅनिटायझर लावला असेल तर तो पुरता सुकल्याशिवाय गॅस पेटवू नकोस. भाज्या नेहमीप्रमाणे वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धू. त्यांना साबण लावायचा नाही, तो पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसे बजावले आहे. दुधाची पिशवी धुवावी, कारण ती करोना नव्हता तेव्हाही मळकीच येत असे.

खेपा कमी करणे हे सगळ्यांत महत्त्वाचे आणि ते तुझ्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहे. पालेभाजी आणलीस तर पहिल्या दोन दिवसांत संपव, मग गवार-भेंडी, मग फ्लॉवर-कोबी आणि लाल भोपळा व सुरण शेवटी. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नकोस, बटाट्यांना मोड येतात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून डब्यात भर. डाळीत चार तमालपत्रे टाक. मटकी, मूग, चवळी घरात असली की भाजी संपली तरी चार दिवस अडत नाही. असे केलेस तर बारा दिवसांत एकच खेप पुरेल आणि घरातल्या तुम्हा दोघींपैकी एकीनेच जायचे, दोघींनी मिळून नाही.

तुम्हा दोघींपैकी कोणाला नुसता घसा खवखवला, तरी त्या दिवसापासून कोणीही दुकानात पाऊल टाकू नये. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ माझ्याकडे दूध-पाव न्यायला आले. पैसे देताना ते म्हणाले की त्यांचा अहवाल कालच पॉझिटिव्ह आला आहे, बायको रुग्णालयात आहे आणि घरात आणून देणारे कोणीच नाही. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पाहून शब्द फुटला नाही. तेव्हापासून गल्लीतल्या अशा सात घरांच्या दारांना संतोष रोज सकाळी पिशव्या अडकवून येतो, पैशांचे नंतर बघू म्हणून सांगितले आहे. अशा वेळी सामान आणून देईल अशा तुमच्या इमारतीतल्या कोणाचा तरी फोन क्रमांक आधीच घेऊन ठेव आणि तुझाही त्यांना देऊन ठेव.

माझी लशीची पहिली मात्रा एप्रिलमध्ये झाली, आईचीही झाली. १ मेपासून तुमच्या वयाच्यांचे लसीकरण खुले झाले आहे, पण लस मिळेपर्यंत तुझ्याकडे मास्क आणि मोकळी हवा एवढेच आहे, हे विसरू नकोस.

परवा ओळखीच्या मालट्रकवाल्याबरोबर तुला एक खोका पाठवत आहे. त्यात गोडा मसाला, उडदाचे पापड, चार किलो मटकी आणि आईने या उन्हाळ्यात केलेल्या कुरडया आहेत. खोका धूत बसू नकोस, आत पाणी गेले तर पापड जातील. खिडकी उघड, खोका फोड, हात धू. कुरडया अगदी वरच्या थरात वर्तमानपत्रात गुंडाळल्या आहेत, आधी त्या अलगद काढून घे.

तुझे,
बाबा